सगळ्यांचा एक जून

१ फेब्रुवारी २०१०, सोमवार

आज मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. समोर रजिस्टर उघडं होतं आणि त्यांचं बोट पुनमच्या नावावर होतं.

"गुरुपादप्पा, एक जूनला हिला अठरा पूर्ण. पुढे वसतिगृहात ठेवता येणार नाही. चार महिने आहेत. मामाला कळवा, एखादं काम लागतं का तेही बघा. आणि रोज काय जमलं, काय नाही, लिहून ठेवत जा."

म्हणून लिहायला बसलो. शाळेसाठी वेगळी वही केली आहे. ही माझी.

मतिमंद मुलांच्या लातुरातल्या या निवासी शाळेत मी अकरा वर्षं काळजीवाहक आहे. नेमणुकीच्या कागदावर हाच शब्द आहे. तो कागद मी गावच्या जुन्या मास्तरांना दाखवला तेव्हा ते हसले होते. म्हणाले, "काळजी तर तू फुकटच करत होतास, आता सरकार करून घेतंय."

पुनमची ती तारीख मीच लिहिली. १९९९ साली तिचा मामा भुजंग तिला घेऊन आला. त्र्याण्णवच्या भूकंपात आई-बाप गेले, ही दुसऱ्या दिवशी कोनाड्याखाली जिवंत सापडली. डोक्याला मार लागला, तेव्हापासून अशी झाली, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, जन्म कधीचा? म्हणाला, "काय म्हाईत. भूकंप झाला तवा नुकतीच चालाया लागली होती." मी बोटांवर वर्षं मोजली, ब्याण्णव धरलं आणि एक जून लिहिलं. आमच्याकडे सगळे एक जूनचेच. जूनमध्ये शाळा उघडते, मास्तर विचारत नाहीत आणि आई-बापांना आठवत नाही. रजिस्टरात बासष्ट मुलं आहेत, त्यांतली चव्वेचाळीस एक जूनची. मीसुद्धा.

एका ओळीला तेव्हा किती वेळ लागला असेल? पेनाचं टोपण काढून परत लावायला जेवढा लागतो तेवढा.

४ फेब्रुवारी

भुजंगला फोन केला. म्हणाला, "आणून सोडा की अप्पा. शेळ्यांमागं फिरल. घरात कुणी नसलं तर कडी लावून जाऊ." त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. कडीचं तो धान्याला कुलूप लावावं इतकं सहज बोलला.

स्वयंपाकीण केवळाबाई भांडी घासत ऐकत होत्या. मुलींची आंघोळ, केस सगळं त्याच बघतात. म्हणाल्या, "माझ्या खोलीत राहू दे. एकलीच हाव मी. भिताडाशी बोलण्यापरीस बरी." मग स्वतःच हसल्या. मीही हसलो. चेष्टा करायचा त्यांचा स्वभावच आहे.

१२ फेब्रुवारी, महाशिवरात्र

पहाटे लिंगपूजा झाली. तळहातावर लिंग घेऊन बसलो की मन थांबतं, आज थांबलं नाही. मागायचं नसतं हे मला कळतं. तरी मागितलं. एक वर्ष दे. ब्याण्णवचं त्र्याण्णव कर.

२२ फेब्रुवारी

नांदेडला जाऊन आलो. तिथे मोठ्या मुलांची कार्यशाळा आहे, फायली आणि खडू करतात. पुनमला बरोबर नेलं होतं. तिथले गृहस्थ चांगले बोलले, चहा दिला. मग म्हणाले, "आमच्याकडे मुलगेच आहेत. मुलीची जबाबदारी कोण घेणार?" पुनम त्यांच्या खुर्चीवरची उशी दाबून बघत होती. मी तिचा हात धरून बाजूला केला.

परतीच्या एसटीत ती सारखं "मावशीची खोली, मावशीची खोली" म्हणत होती. कोणती मावशी, कसली खोली. प्रवासानं डोकं भिरभिरलं असेल. असं झालं की मला भीती वाटते. बाहेरच्या जगात हिचं बोलणं कोण समजून घेईल?

१७ मार्च

काल पाडवा झाला. आज एक काम दिसलं.

ट्यूशन एरियाच्या, म्हणजे क्लासेसच्या वस्तीच्या, अलीकडे एक गादीघर आहे, पिंजाऱ्यांचं. वहिदाबाई, त्यांचे मालक जलीलभाई आणि मुलगी मुबश्शिरा. शाळेच्या गाद्या वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच पिंजून येतात. आज गाद्या टाकायला गेलो तेव्हा पुनम बरोबर होती. मी जलीलभाईंशी बोलत होतो तेवढ्यात ती आत गेली आणि पिंजलेल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली. मी धावलो. वहिदाबाई म्हणाल्या, "राहू द्या अप्पा. कापूस काय चावतो का?"

मग त्यांनी तिच्या हातात उशीची खोळ दिली. पुनमनं मूठमूठ कापूस भरला, दोन्ही हातांनी दाबला, एका कोपऱ्यात कमी वाटला तर काढून पुन्हा भरला. वहिदाबाई बघत राहिल्या. "हिला मोजता येतं का?"

"पाचापर्यंत."

"बस झालं. पाच उश्यांचा एक गठ्ठा. मे-जूनमध्ये आमच्याकडं श्वास घ्यायला टाइम नसतो. पोरं लातुरात येतात, पहिलं क्लास धरतात, मग खोली, मग आमची गादी. डॉक्टर व्हायला झोपाबी लागतंय ना."

त्यांनी काम दाखवलं. उशी भरायची आणि दाभणानं तोंड शिवायचं. दाभण वीतभर लांब आहे. पिंजायचं मशीन चालू झालं की फरशी हादरते. माझ्या तळपायांना ती थरथर लगेच कळली, त्र्याण्णवची ओळखीची. पुनमला काही नाही.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

१ एप्रिल

मोठ्या बाईंनी विचार करायला वेळ दिला नाही. आजपासून रोज चार तास पुनम गादीघरात. मी सोडायचं आणि आणायचं.

सोडलं. शाळेत परत यायला निघालो आणि समोरच्या हाटेलात बसलो. बाकावरून तिचा खांदा आणि उजवा हात दिसतो. चार चहा झाले. तिनं सहा उश्या शिवल्या. टाके वाकडे होते, दोन उसवावे लागले.

९ एप्रिल

आजही बसलो. मोठ्या बाईंना सांगितलं आहे की सुरुवातीला लक्ष ठेवावं लागतं. आत कुणाला माझा पत्ता नाही, मी खांबाआड बसतो.

टाके अजून वाकडेच. बोटाला दाभण टोचलं, रक्त आलं. मी उठलो होतो, तेवढ्यात मुबश्शिरानं चिंधी बांधली. पुनम रडली नाही. धक्का बसला असेल.

तिला टाक्याच्या शेवटी तीन गाठी मारायला मी शिकवलं होतं, बटण लावताना. उशीलाही तीनच मारते. मुबश्शिरा हसते, "इतकं पक्कं कशाला गं, उशी पळून जाणार हाय का?" पुनमही हसते. आपल्याला हसताहेत हे तिला कळत नाही.

२९ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. लिहिलं नाही तर उद्या मी ते सौम्य करून आठवीन.

शाळेत तपासणी होती, हाटेलात पोचायला उशीर झाला. बघतो तर पुनमची जागा रिकामी. दाभण खोळीत तसंच. मशीन बंद, जलीलभाई नाहीत. मी रस्ता ओलांडून आत घुसलो. "पोर कुठंय?"

वहिदाबाई कापड फाडत होत्या. "येईल की. एक पोरगी उशी विसरून गेली, तिला द्यायला..."

मी पुढचं ऐकलं नाही. मी ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. एकटीला रस्त्यावर घातलंत, तुमची असती तर पाठवलं असतं का, असं सगळं बोललो. आणि शेवटी म्हणालो, "तुमच्या लोकांवर भरवसा ठेवला हीच माझी चूक."

गल्ली थांबली. हाटेलवाला ओगराळं हातात धरून उभा राहिला. वहिदाबाईंच्या हातातलं कापड अर्धं फाटलेलं तसंच.

तेवढ्यात पुनम आली. रस्त्याच्या कडेनं, सावकाश, तोंडात गोळी. लाल फाटकाच्या मेसमध्ये उशी देऊन आली होती. मला बघून तिनं गोळीचा कागद दाखवला.

वहिदाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ही घ्या अप्पा तुमची पोर. हात-पाय मोजून घ्या." मग आत वळल्या. "उद्यापासून नका आणू."

वाटेत पुनम विचारत होती, "उद्या?" मी पुढे चालत राहिलो.

कपाळाला विभूती लावून मी ते बोललो.

३ मे

शाळेला सुट्टी लागली. मुलं घरी गेली. भुजंग पुनमला कधीच सुट्टीत नेत नाही. आता वसतिगृहात पुनम, केवळाबाई आणि मी.

ती सकाळी आवरून दारात बसते. पाय चपलेत. दहा वाजता चपला काढून आत येते.

७ मे

अठ्ठावीस दिवस उरले की पंचवीस, हेही आता नीट मोजता येत नाही.

एक गोष्ट सुचली आहे. पुनमचा जन्म तिच्या आईच्या माहेरी झाला असणार, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. माहेर म्हणजे भुजंगचं गाव, शिरूर अनंतपाळजवळचं. ते भूकंपात शाबूत राहिलं. तिथे कुणाला तरी आठवत असेल. ती त्र्याण्णवच्या आरंभी जन्मली असं कुणी सांगितलं तर तारीख दुरुस्त करायला अर्ज करता येईल. लहान लेकरं वर्षाच्या आतही चालतात, मी पाहिली आहेत. थोडे महिने मिळाले तरी पुष्कळ.

ही लबाडी नाही. मी अंदाजानं लिहिलं होतं, आता खरं शोधतोय.

९ मे, रविवार

भुजंगच्या गावाहून आत्ताच आलो. हात-पायही धुतले नाहीत.

भुजंगनं मला बसम्माकडे नेलं. बसम्मा जुनी सुईण, ऐकायला कमी येतं, नजर अजून पक्की. ओसरीवर चिंचा फोडत होती. भुजंग तिच्या कानात ओरडला, "बसम्मा, आमच्या आक्काची पुनम कवा झाली गं?"

"हापसा आला तवा," ती पटकन म्हणाली.

"नीट सांग."

"नीटच सांगून राहिले. सकाळी हापशाला पाणी लागलं, समदं गाव तिकडं पळालं. मी कळ देणाऱ्या बाईपाशी एकली. पाणी तापवाया बी कोण न्हाई. माझ्या हातावर पोर आली अन् भाईर लोक ओरडून राहिले पाणी आलं, पाणी आलं."

हापसा गावच्या वेशीत आहे. आता बंद पडला आहे. त्याच्या ओट्यावर, सिमेंट ओलं असताना कुणीतरी काडीनं तारीख कोरली आहे. भुजंगनं पायानं माती सारली. १२-३-९०.

मी खाली बसून बोट फिरवून वाचलं. ९३ नाही, ९२ नाही. नव्वद.

म्हणालो, "असं कसं? भूकंपात ती नुकतीच चालायला लागली होती ना? साडेतीन वर्षांची?"

परत बसम्माकडे गेलो. ती म्हणाली, "उशिरा चालली ती. तिसरं सरलं तवा. मान बी उशिरा धरली. मी पयल्या दिशीच तिच्या आईला बोलले, ही पोर सावकाशीची हाय, घाई करू नगं."

म्हणजे भूकंपानं तिला असं केलं नाही. ती अशीच आली होती. आणि सावकाश चालली म्हणून मी तिला लहान धरलं. मतिमंद मुलांच्या शाळेचं रजिस्टर भरताना मी तिचं वय तिच्या चालण्यावरून मोजलं.

भुजंग म्हणाला, "मग अप्पा, आता काय लिवणार?"

पुनम वीस वर्षांची आहे.

१० मे

ऑफिसातली जुनी नोंदवही काढली. मार्च २००८. माझंच अक्षर.

'१२ मार्च. सर्व मुले ठीक. पाणी उशिरा आले.'

अठरा पूर्ण होण्याच्या ज्या दिवसाला मी तीन महिने भितो आहे, तो दोन वर्षांपूर्वीच येऊन गेला. त्या दिवशी काही पडलं नाही, कुणी कडी लावली नाही. तिनं बहुतेक वरण-भात खाल्ला आणि माझ्याकडून गाठ मारायला शिकली.

११ मे

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर ओढून पुनमचं नाव काढलं. मग म्हणाल्या, "बसम्माचं म्हणणं मी लिहून ठेवते, वर कळवते. पण तुम्ही तिच्यासाठी वर्ष मागायला गेला होतात ना?"

"हो."

"तिला विचारलं होतं?"

दुपारी पुनम लसूण सोलत होती. तिच्यासमोर बसलो. अकरा वर्षांत मी तिला पुष्कळ विचारलं आहे. भूक लागली का, दुखतंय का, औषध घेतलं का. म्हणालो, "पुनम, तुला इथून गेल्यावर कुठं राहायचंय?"

तिनं लसणाची पाकळी ताटलीत ठेवली. "मावशीची खोली."

"कोणती मावशी?"

तिनं मान वळवून केवळाबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मला ऐकायला कमी येतं अशा तऱ्हेनं. "सांगितलं. एसटीत."

केवळाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "म्या बी फेब्रुवारीतच सांगितलं. तुमास्नी वाटलं बाई मजाक करून राहिली."

"आणि काम?"

"गादी," पुनम म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही ओरडलात."

१६ मे, बसव जयंती

मिरवणुकीला गेलो नाही. पूजा करून गादीघराकडे निघालो. पुनम चपला घालून बरोबर आली. नको म्हणायचं धाडस झालं नाही.

चौकात मी तिचा हात धरायला गेलो, तर ती आधीच थांबली होती. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एक टेम्पो जाऊ दिला आणि निघाली. मी मागे राहिलो.

वहिदाबाईंच्या दुकानात उश्यांचा ढीग छताला लागला होता. पुनम माझ्या आधी आत शिरली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली, जणू कालच उठून गेली होती. मुबश्शिरानं तिच्यापुढे खोळ टाकली.

मी उभाच. येताना वाक्यं जुळवली होती, ती गेली. म्हणालो, "मी तुमच्या लोकांवर म्हणालो. ते लोक म्हणजे माझ्या मुलांच्या गाद्या अकरा वर्षं पिंजणारे."

वहिदाबाईंनी मान वर केली नाही. "शब्द बोलून झाला अप्पा. खोळ उसवता येते, ते न्हाई येत." मग स्टूल पायानं पुढे सारून, "बसा. पण समोर हाटेलात नको."

मला कळेना. "तुम्हाला दिसत होतं?"

मशीनमागून जलीलभाई हसले. "अख्ख्या गल्लीला दिसत होतं. हाटेलवाला तुमाला खांबवाले अप्पा म्हणतो."

"तुमी खांबामागं बसलाव की तिचा टाका वाकडा," वहिदाबाई म्हणाल्या. "सारखी मान वर करून बघती, अप्पा हाय का, अप्पा हाय का. मग टाका चुकतो, मग तुमी अजून वाकता. मी बघून राहिले ना रोज. तुमी चहाचे पैसे द्यायला उठलाव की मागं वळता तवर दोन टाके सरळ. तिला भ्या वाटायचं कुणाचं माहिताय? तुमाला भ्या वाटतंय त्याचं."

पुनमनं शिवलेली उशी त्यांनी माझ्यापुढे टाकली. ती मी उचलली. टाके दोरी लावल्यासारखे. शेवटी तीन गाठी.

"उद्यापासून येऊ दे. एकली."

१ जून, मंगळवार

रजिस्टरातल्या चव्वेचाळीस जणांचा वाढदिवस. दरवर्षी सुट्टीत जी मुलं असतात त्यांच्यासाठी केवळाबाई शिरा करतात. आज दोनच होतो, पुनम आणि मी.

तिचं सामान एका पिशवीत मावलं. केवळाबाईंची खोली इथून दहा मिनिटांवर आहे. त्यांनी भिंतीला दुसरी खुंटी ठोकून घेतली आहे. औषध कधी, पाळीत काय, गॅस कसा, कुणाला दार उघडायचं नाही, सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं. दोन पानं. केवळाबाईंनी ती घेतली, डब्याखाली ठेवली. म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई अप्पा, पण ऱ्हाऊ द्या, तुमाला बरं वाटल."

काळजी गेलेली नाही, हे लिहून ठेवतो. केवळाबाईही साठीला आल्या आहेत. त्यांच्यानंतर कोण? गादीघर पावसाळ्यात थंडावतं, तेव्हा काय? भुजंग कधी मनात आणून न्यायला आला तर? मोठ्या बाईंना हे सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, दर महिन्याला बघून येऊ. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "महिन्यातून एकदा."

निघताना पुनम म्हणाली, "अप्पा, हाटेलात नका बसू."

"नाही बसणार."

तिनं पाच बोटं मोजली. कशासाठी ते विचारलं नाही.

१५ जून

शाळा उघडली. नवी सात मुलं आली. एक मुलगी आहे, किनवटकडची, मनतशा नाव. बापाला जन्मतारीख विचारली. तो म्हणाला, "लिवा की अप्पा एक जून."

मी पेन खाली ठेवलं. बापाला बसायला सांगितलं आणि विचारलं, जन्मली तेव्हा घरात कोण होतं? बाहेर काय चाललं होतं? पाऊस होता का, रमजान होता का, बकरी व्याली होती का? तो आधी वैतागला. मग आठवू लागला. अर्धा तास लागला.

दुपारी बाजाराला गेलो. गादीघराच्या गल्लीत न जाता मागच्या रस्त्यानं. बसस्टँडकडून एक बाप आणि लेक येत होते. बापाच्या डोक्यावर गुंडाळलेली नवी गादी, लेकीच्या काखेत उशी. ती वही उघडून चालता चालता वाचत होती, बाप म्हणत होता, "खाली बघ, खड्डा हाय." ती अगदी माझ्याजवळून गेली. उशीच्या तोंडाशी शेवटी तीन गाठी होत्या.

ती कुठल्या खोलीत राहते ते बघायला पावलं दोन-तीन पडलीच. मग थांबलो आणि कोथिंबीर घ्यायला वळलो.

आल्यावर हजेरी घेतली. पुनमचं नाव अजून छापील यादीत आहे, नवी यादी यायला महिना लागेल. तिच्या रकान्यात हजर लिहिता येत नव्हतं, गैरहजर लिहवेना.

'कामावर' लिहिलं.